दिराला कार्यशाळेत पाठवणारी वहिनी स्वार्थी असते का?

ताई, स. न. वि. वि.

आम्ही कोरेगाव तालुक्यातले. घरची चार एकर शेती, घेवडा आणि आलं. मिस्टर शेती बघून कोरेगावात एका दुकानाचे हिशेब लिहितात. सासरे झेडपीचे निवृत्त शिक्षक, वय ७६. माझे धाकटे दीर ३१ वर्षांचे आहेत, त्यांना डाऊन सिंड्रोम आहे. लहानपणी थोडी वर्षं शाळेत गेले, मग घरीच. गेल्या दिवाळीनंतर सासूबाई वारल्या. भाऊजींचं सगळं त्याच करायच्या, शर्टाच्या बटणांपासून ताट वाढून पुढ्यात ठेवण्यापर्यंत. आता ते माझ्याकडे आलं. दाढी मिस्टर करतात, बाकी मी. मुलगी दहावीला, मुलगा सातवीत.

भाऊजी दिवसभर ओट्यावर बसून असतात. वजन वाढलंय. येणारीजाणारी पोरं चिडवतात. घेवडा निवडायला बसवलं तर किडका दाणा एक सोडत नाहीत, पण ते काम वर्षातून किती दिवस? संध्याकाळी उठून फाट्यावर जातात आणि साताऱ्याहून येणाऱ्या एसटीची वाट बघतात. सासूबाईंना दवाखान्यात नेलं तेव्हा ‘आई एसटीनं येईल’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. अंधार पडला की मी जाऊन घेऊन येते.

साताऱ्यात एक संस्था अशा मोठ्या मुलांसाठी दिवसाची कार्यशाळा चालवते. पाठवू या म्हटलं, तर सासरे म्हणाले, ‘आई जाऊन वर्ष झालं नाही आणि वहिनीनं दिराला घराबाहेर काढलं असं गाव म्हणेल.’ पुण्याची नणंद म्हणते, ‘त्यापेक्षा होस्टेललाच ठेवा, तुझीही सुटका.’ मला दोन्ही पटत नाही. मला दिवसातले चार तास मोकळे हवेत, हे खोटं नाही. मी स्वार्थी आहे का?

— एक वहिनी

वहिनी,

नाही. आणि चार तास मोकळे हवेत हे तुम्ही लिहून टाकलंत ते फार बरं केलंत. जी बाई ‘मला काही नको, सगळं त्यांच्यासाठीच’ म्हणते ती दोन वर्षांत अंथरूण धरते किंवा दोन वर्षांत तोंड सोडते. तुमचे चार तास आणि भाऊजींचा दिवस या एकाच गरजेच्या दोन बाजू आहेत. ते ओट्यावर रिकामे बसलेत म्हणून तुम्ही बांधलेल्या आहात.

पण कार्यशाळेआधी फाट्याचं बघू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच खुपलं.

भाऊजींना आई गेल्याचं नीट कुणी सांगितलेलंच नाही. बहुतेक घरांत असंच होतं. ‘त्याला काय कळतंय’ म्हणून अशा माणसाला अंत्यविधीच्या दिवशी शेजारी नेऊन बसवतात, दहाव्याला नेत नाहीत, नंतर विषय निघाला की टीव्ही लावून देतात. त्यांना कळतं. आई दिसत नाही हे कळतं, घरातली माणसं रडतात हे कळतं, फक्त का ते त्यांना कुणी सांगत नाही. मग ते हाती असलेल्या एकाच माहितीला धरून बसतात. तुमच्या भाऊजींकडची माहिती एसटीची आहे.

सांगायचं काम तुमचं नाही. सासऱ्यांनी किंवा मिस्टरांनी सांगावं. घरी, दिवसाउजेडी, शेजारी बसून, हात हातात घेऊन. शब्द सरळ हवेत: ‘आई खूप आजारी होती. आई मेली. मेलेलं माणूस परत येत नाही. आपल्याला सगळ्यांना वाईट वाटतंय.’ कानाला कठोर वाटेल, पण ‘देवाघरी गेली’ म्हणालात तर ते देवाच्या घरून येणारी एसटी शोधत बसतील. आईचा हार घातलेला फोटो दाखवा. ते पुन्हा विचारतील, उद्या विचारतील, महिन्यानंही विचारतील. दर वेळी घरातल्या प्रत्येकानं तेच उत्तर त्याच शब्दांत द्यायचं. वर्षश्राद्ध जवळ आलं असेल. त्यात त्यांना काम द्या. पान वाढू द्या, कावळ्याला घास ठेवायला मोठ्या भावाबरोबर जाऊ द्या. ते रडले तर रडू द्या.

फाट्यावर जायची सवय लगेच मोडणार नाही, मोडायची घाईही नको. त्याच वेळेला दुसरं काम लावा. गावात संध्याकाळी दुधाची डेअरी भरते ना? किटली घेऊन तुमच्या मुलाबरोबर जाऊ द्या. सातवीतला पोरगा काकाबरोबर डेअरीपर्यंत चालत गेला तर चिडवणारी पोरंही जरा गप्प बसतील.

आणि त्या फाट्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. ते एकटे तिथवर जातात, वेळ चुकत नाहीत, साताऱ्याची गाडी कुठली हे ओळखतात. एसटीनं रोज साताऱ्याला जायला जे यावं लागतं त्यातलं निम्मं त्यांना आजच येतं. कार्यशाळेला पाठवायचं म्हटलं की प्रश्न निघतो तो ‘नेणार कोण’ हाच. संस्थेची गाडी तुमच्या बाजूला येते का ते आधी विचारा. येत नसेल तर सुरुवातीला बरोबर जावंच लागेल. काही आठवडे शेजारच्या सीटवर बसा, मग दोन सीट मागे. मग गावातून रोज साताऱ्याला जाणारं एखादं ओळखीचं माणूस बरोबर आणि संस्थेतलं कुणीतरी स्टँडवर घ्यायला. खिशात घरच्या नंबरचं कार्ड. याला महिने लागतात आणि काहींना कधीच एकट्यानं जमत नाही. तरी हरकत नाही, सोबतीनं गेले म्हणून काही अडत नाही.

आता कार्यशाळा. तुम्ही ती बघून आलात का हे पत्रात नाही. नसाल तर मिस्टरांना घेऊन जा, आणि न कळवता दुपारी जा. सकाळी प्रार्थना-बिर्थना सगळीकडे छान असते. जेवणाच्या वेळेला खरं काय ते दिसतं: ताटं कोण वाढतंय, ज्याला हातानं खाता येत नाही त्याला कोण भरवतंय, घाईनं की बसून. संडास बघा. न लाजता सांगते, संडास बघाच. तिशीच्या पुरुषाला तिथले लोक ‘बाळा’ म्हणतात की नावानं हाक मारतात, ते ऐका. शिकवणाऱ्यांपैकी भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेत, नोंदणी असलेलं कोण आहे ते विचारा. संस्थेकडे दिव्यांग कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का तेही विचारा. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

आणि एक प्रश्न माझ्यातर्फे विचारा: ‘दिवाळी संपली की इथं काय काम असतं?’ पणत्या, उटणं, आकाशकंदील, त्याआधी राख्या, हे सगळीकडे असतं आणि ते झकास विकलंही जातं. पण नोव्हेंबरनंतर काही ठिकाणी सगळे नुसते बसवून ठेवलेले असतात आणि घरच्या ओट्याऐवजी तिथला बाक एवढाच फरक उरतो. फुलवाती, द्रोण, कागदी पिशव्या, फाईली, जवळच्या कारखान्याचं पॅकिंग असं बारमाही काही असेल तर ती कार्यशाळा कामाची.

चांगली कार्यशाळा कशी ओळखायची याची एक बारीक खूण सांगते. समजा दहा-दहा फुलवातींची पाकिटं करायची आहेत आणि समोरच्या माणसाला दहापर्यंत मोजता येत नाही. वाईट ठिकाणी त्याला फक्त कापूस पिंजायला बसवतात आणि मोजायचं काम बाई करते. चांगल्या ठिकाणी त्याच्या पुढ्यात दहा खाचांची लाकडी पट्टी असते. एका खाचेत एक वात. सगळ्या खाचा भरल्या की पाकिटात. त्याला आकडा येत नाही, पण त्याचं पाकीट कधी चुकत नाही. अशी एखादी पट्टी, साचा, रंगीत खुणेचा डबा तुम्हाला टेबलावर दिसला तर समजा, इथं कुणीतरी त्या एकेका माणसाचा विचार करून बसलंय.

तिथं काम शिकवणाऱ्या निदेशकांना घेवड्याचं जरूर सांगा. किडका दाणा न सोडणारी नजर आणि तासभर एका जागी टिकणारं लक्ष ही कामाची चीज आहे, प्रतवारीच्या कुठल्याही कामाला लागते. महिन्याला विद्यावेतन म्हणून जे काही हातात देतील ते थोडंच असेल. त्यावरून सासरे म्हणतील, ‘एवढ्यासाठी एवढा प्रवास?’ ते पैसे भाऊजींच्या हातात द्या आणि त्यांनाच खर्चू द्या. पहिल्या महिन्यात सगळ्याचा भडंग आणला तरी चालेल. आणि हो, घरचा घेवडा निवडतात त्याची मजुरी देता का त्यांना? बायामाणसं लावली असती तर दिली असती.

सुरुवात आठवड्यातून तीनच दिवस करा. महिनाभर बघा. जाताना कपडे घालायला स्वतःहून येतात का, परत आल्यावर काही सांगतात का, झोप कशी आहे. आणि त्यांना विचारा. ‘उद्या जायचं का?’ याचं उत्तर त्यांना देता येतं. तीन आठवड्यांनंतरही रोज सकाळी रडून अडून बसत असतील तर तिथं काहीतरी चुकतंय, ते शोधा.

आता सासरे. त्यांची भीती गावाची आहे असं ते म्हणतात, मला वाटतं ती त्यांची स्वतःची आहे. बायको गेली, आणि आता हा मुलगाही दिवसभर दिसणार नाही. त्यांना मास्तरांसारखंच समजवा. सांगा की या संस्था मुलांना टाकून देणाऱ्यांनी काढलेल्या नाहीत. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये वकील दांपत्यानं स्वतःच्या मुलीसाठी सुरू केली. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी काढली ती आपल्या मुलामुळेच. आणि आणखी एक सांगा, जे बहुतेक घरांत कुणाच्या लक्षात येत नाही: डाऊन सिंड्रोम असलेली माणसं नीट औषधपाणी मिळालं तर आता साठीपर्यंत जगतात. म्हणजे भाऊजींपुढे अजून तीस वर्षं असू शकतात. सासऱ्यांचं वय ७६. तीस वर्षं ओट्यावर कशी काढायची, हे त्यांनी सांगावं.

पण नुसतं बोलून उपयोग नाही, त्यांना काम द्या. निवृत्त मास्तर आहेत, कागदपत्रं हा त्यांचा प्रांत. आणि जे कागद करायचेत त्यातला एक तर त्यांच्याशिवाय होणारच नाही.

पहिला यूडीआयडी, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र. लहानपणचं कागदी सर्टिफिकेट आता पुरत नाही. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरायचा आणि साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात तपासणी करून घ्यायची. बौद्धिक अक्षमता मध्यम ठरली तर ७५ टक्के धरतात. पुढची जवळपास प्रत्येक गोष्ट या कार्डावर अडते. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर साथीदाराला निम्मं तिकीट. तुम्हाला बाई म्हणून तसंही निम्मंच आहे, मिस्टर गेले तर कामी येईल.

दुसरा कागद फॅमिली पेन्शनचा, आणि तो मास्तरांच्या हयातीतच व्हायला हवा. निवृत्तिवेतनधारकाच्या पश्चात, जोडीदार नसेल तर, स्वतः कमावू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्यासाठी मुलाचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र पेन्शनच्या कागदांत नोंदलेलं असावं. वडील गेल्यावर ही नोंद करायला धावणाऱ्या घरांचे हाल मी पाहिलेत. सासऱ्यांनी पंचायत समितीत जाऊन आपल्या फाईलमध्ये काय आहे ते या महिन्यात बघून घ्यावं.

तिसरा, कायदेशीर पालकत्व. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान, आई-बापही आपोआप पालक राहत नाहीत. भाऊजींच्या बाबतीत ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीच झाली, फक्त कुणाचं अडलं नाही म्हणून कळलं नाही. उद्या पेन्शन त्यांच्या खात्यात यायची झाली की बँक विचारणार, सही कोण करणार? बौद्धिक दिव्यांगांसारख्यांसाठी केलेल्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. मुख्य म्हणजे कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मिस्टरांच्या नावानं अर्ज करा, सासऱ्यांची आणि नणंदेची लेखी संमती जोडा. नेमल्यावर सहा महिन्यांत भाऊजींच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर वर्षी हिशेब. कटकट वाटेल, पण ती बरी. पालकानं गैरव्यवहार केला तर समिती त्याला काढू शकते.

मालमत्तेवरून आठवलं. पुढेमागे वारसनोंदीची वेळ येईल तेव्हा कुणीतरी शहाणा सल्ला देणारच, की ‘त्याला कशाला सातबारा, हक्कसोडीवर अंगठा घ्या आणि मोकळे व्हा.’ घेऊ नका. ते टिकणारही नाही, आणि भाऊजींच्या वाट्याची जमीन ही त्यांच्या तीस वर्षांची शिदोरी आहे.

नॅशनल ट्रस्टच्याच निरामय आरोग्य विम्याचा अर्जही संस्थेतूनच भरता येईल. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचाही काही खर्च बसतो आणि आधी तपासण्या करायला लावत नाहीत. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. तुमच्या गावात ते कुठं गेले हे मास्तरांनी ग्रामसेवकांना विचारलं तर गावकरीही जरा वेगळं बोलतील.

तब्येतीचं थोडक्यात. वजन वाढलंय, बसून असतात, हे सगळं दुःखाचंच असेल असं नाही. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईड कमी पडणं फार आढळतं. रक्त तपासून घ्या, कान आणि दातही. आणि आज त्यांना काय काय येतं ते एका वहीत लिहून ठेवा. या माणसांना विसरभोळेपणाचा आजार इतरांपेक्षा लवकर, चाळिशी-पन्नाशीतच गाठू शकतो. तेव्हा डॉक्टर विचारतील, ‘आधी काय यायचं?’

घरात एक बदल करा. सासूबाईंनी मायेनं सगळं केलं, त्यामुळे भाऊजींना पुष्कळ गोष्टी येत नाहीत असं घराला वाटतं. बटणापासून सुरुवात करा, पण शेवटच्या बटणापासून. वरची सगळी तुम्ही लावा, खालचं एक त्यांना लावू द्या. ते जमलं की खालची दोन. काम पूर्ण करण्याचा मान रोज त्यांच्याकडे राहतो, त्यामुळे चिडचिड कमी होते. दाढीला ट्रिमर घ्या. कापण्याची भीती कमी, आणि आरशासमोर भावानं फक्त शेजारी उभं राहायचं. ताट मात्र आजपासून त्यांनाच घेऊ द्या. सांडेल.

राहता राहिलं होस्टेल. आत्ता नको. आई गेली, आणि त्यापाठोपाठ घरही गेलं, तर माणूस कोलमडतो. शिवाय तुमच्या घरात त्यांना ओळखणारी, त्यांच्याशी बोलणारी माणसं आहेत. पण होस्टेल हा शब्द शिवीसारखा उच्चारू नका. उद्या तुमची तब्येत, मुलीचं शिक्षण, काहीही होऊ शकतं. कार्यशाळा रुळली की वर्षभरानं ज्या संस्थेत थोड्या दिवसांच्या निवासाची सोय असेल तिथं दोन-चार रात्री राहायला पाठवा, चांगलं चाललेलं असताना, हसतखेळत. कोल्हापूर, पुणे इथल्या संस्थाही बघून ठेवा. जिथं पालकांना कधीही येऊ देत नाहीत, ‘आधी फोन करून या’ म्हणतात, किंवा प्रवेशाच्या वेळी मोठी देणगी पावतीशिवाय मागतात, तिथून चहा न पिता परत फिरा. आणि कार्यशाळेत येणाऱ्या बाकीच्या घरच्यांचे नंबर घ्या. त्यातली एखादी आई तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

गावाला काय सांगायचं? कुणी विचारलं, ‘भाऊजी कुठं?’ तर म्हणा, ‘कामाला गेलेत.’

नणंदेशी भांडू नका. लांबून सल्ला देणं सोपं असतं हे तिलाही कळत असणार, आणि भाऊ तिचाही आहे. कार्यशाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस ती त्यांना पुण्याला नेईल का, एवढंच विचारा. तारीख तिलाच ठरवू द्या, फक्त फोन ठेवायच्या आत ठरवून घ्या.